स्पीकरमधली घरघर आणि टेलिफोनचा वारसा

जत्रांचा हंगाम सुरू झाला की कुडाळ-मालवण पट्ट्यातल्या साउंडवाल्यांची एक अडचण ठरलेली असते. मिक्सर देवळातल्या प्लगवर, अ‍ॅम्प्लिफायर जनरेटरवर, आणि पखवाजावर थाप पडायच्या आधीच स्पीकर घुमू लागतो. दोष अर्थिंगचा. आपला जांभा पावसाळा सरला की कोरडा पडतो आणि वीज जमिनीत नीट उतरत नाही. कोळसा-मीठ घातलेल्या खड्ड्यातही पाणी ओतत राहावं लागतं. दोन अर्थिंगमध्ये थोड्या व्होल्टेजचा फरक पडला तरी केबलच्या शील्डमधून, म्हणजे आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या जाळीतून, करंट वाहतो आणि तोच ५० हर्ट्झची घरघर म्हणून ऐकू येतो.

यावर प्लगची अर्थिंगची पिन कापणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. माइक हातात धरणाऱ्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे. सिग्नलच्या वाटेत १:१ चा, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखेच वेढे असलेला, छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला, आणि तो नीट निवडा. निवडायचा कसा, हे त्याच्या इतिहासातच आहे.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी मायकेल फॅरेडेने लोखंडी कड्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी गुंडाळली, मध्ये सुती कापड घालून. एकीकडचा प्रवाह सुरू किंवा बंद केला की दुसरीकडे क्षणभर वीज उमटे. दोन्ही तारा एकमेकींना शिवत नव्हत्या. आयसोलेशन म्हणतात ते हेच. प्रवाह स्थिर राहिला की पलीकडे काहीच उमटत नसे. ट्रान्सफॉर्मरमधून डीसी, म्हणजे एकाच दिशेचा स्थिर प्रवाह, जात नाही, याची खूणही तिथलीच.

पण आपल्या कामाचा छोटा ट्रान्सफॉर्मर घडला तो टेलिफोनमुळे. मुंबईत १८८२ मध्ये एक्स्चेंज सुरू झालं, त्या काळात जगभर बऱ्याच लाइनी एकाच तारेच्या होत्या आणि परतीची वाट जमिनीतून. शेजारच्या तारयंत्रांची टकटक आणि पुढे विजेच्या ट्रामचा गोंगाट जमिनीतूनच कानात येई. आपल्या जत्रेतली अडचण आणि ही अडचण एकच. मग दोन तारांच्या लाइनी आल्या, आणि जुनी एकेरी लाइन नव्या दुहेरीला जोडायच्या ठिकाणी 'रिपीटिंग कॉइल' बसू लागली. बोलणं पलीकडे जाई, जमिनीशी नातं तुटे.

असल्या ट्रान्सफॉर्मरवर दिसणारा ६०० ओहमचा आकडाही तिथूनच आला: खांबांवरच्या उघड्या तारांच्या जोडीचा इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा अडथळा, साधारण तेवढा असे. त्यात १ मिलिवॉट म्हणजे ०.७७५ व्होल्ट, आणि ऑडिओच्या लेव्हल आजही त्यावरून मोजतात. पुढे गुस्ताव एल्मेन यांनी सुमारे ७८ टक्के निकेलचा पर्मालॉय हा लोखंड-निकेलचा मिश्रधातू शोधला. असल्या मिश्रधातूंमुळे कमी वेढ्यांत काम भागू लागलं आणि ट्रान्सफॉर्मर तळहातावर मावू लागला.

नेमकी इथेच आपल्याकडे फसगत होते. जुन्या डायल-अप मोडेममधून काढलेला ६००:६०० ट्रान्सफॉर्मर स्वस्तात मिळतो, पण तो बोलण्यासाठी, म्हणजे ३०० ते ३४०० हर्ट्झसाठी बनलेला. तेवढ्याच व्होल्टेजला ५० हर्ट्झवर कोअरमध्ये, म्हणजे आतल्या लोखंडी गाभ्यात, ३०० हर्ट्झच्या सहापट फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) लागतो. कोअर भरून जातो, पखवाजाची 'धूम' चिरकते आणि डबलबारीतल्या (भजनाच्या सामन्यातल्या) बुवांच्या आवाजाखालचा आधारच निघून जातो. म्हणून दुकानात आधी विचारा: सर्वांत खालच्या फ्रिक्वेन्सीला हा किती व्होल्ट सोसतो? व्यावसायिक मिक्सर साधारण सव्वा व्होल्ट देतो, ढोलकीच्या थापेला त्याच्या कितीतरी पट. दोन वाइंडिंगमध्ये (वेटोळ्यांमध्ये) शील्ड असेल तर दोन पैसे जास्त द्या. सिग्नलवर डीसी असेल तर मालिकेत कपॅसिटर हवाच.

हाच ट्रान्सफॉर्मर घेऊन कुणी २३० व्होल्टची लाइन ऑसिलोस्कोपवर (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) पाहायला निघतो, त्याला मात्र थांबवा. सिग्नलच्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन त्यासाठी नसतं. तिथे मेन्ससाठीच, म्हणजे घरच्या वीजपुरवठ्यासाठीच, बनवलेला, २३० ला ६ किंवा ९ व्होल्ट देणारा स्टेपडाउन लावायचा आणि त्याच्या सेकंडरीवर (कमी व्होल्टच्या बाजूवर) मोजायचं.