बेइनो, संत

बेइनो, संत : (मृत्यू इ. स. 640 च्या सुमारास). उत्तर वेल्समधील एक ख्रिस्ती संत व क्लिन्नोग व्हाउर येथील मठाचा संस्थापक. त्याचा स्मृतिदिन 21 एप्रिलला पाळतात. त्याचे वेल्श भाषेतील चरित्र 1346 मध्ये लानदेव्ही ब्रेव्ही येथील एका एकांतवासी साधूने लिहिलेल्या हस्तलिखितात आढळते. संत आणि हे हस्तलिखित यांत सातशे वर्षांचे अंतर असल्यामुळे त्यातील प्रसंग इतिहास म्हणून जसेच्या तसे स्वीकारता येत नाहीत. मात्र मठाच्या जमिनींची कैफियत म्हणून ते वाचले, तर बरेच काही हाती लागते.

चरित्रानुसार बेइनो पोविस राज्यातील असून सेव्हर्न नदीजवळच्या अबेरिऊ येथे त्याला वडिलोपार्जित जमीन होती. वडिलांच्या थडग्यापाशी त्याने ओकचे बी रुजवले. पैलतीरावर शिकारी कुत्र्यांना हाका मारणाऱ्या एका इंग्रजाचा आवाज त्याच्या कानी पडला, तेव्हा या परक्या भाषेचे लोक ही भूमी घेणार हे ओळखून त्याने शिष्यांसह गाव सोडले. पुढे उत्तर वेल्समधील ग्विनेड राज्याचा राजा कॅडवॉलन याला साठ गाईंच्या मोलाचा सोन्याचा राजदंड देऊन त्याने जमीन मिळवली. तेथे कुंपण घालत असताना एक स्त्री रडणारे मूल घेऊन आली आणि ही जमीन या मुलाच्या बापाची आहे, असे तिने सांगितले. बेइनोने राजाकडे दुसरी जमीन किंवा राजदंड परत मागितला. राजाने दोन्ही नाकारल्यावर त्याला शाप देऊन तो निघाला. तेव्हा राजाचा चुलतभाऊ ग्विदाइंट याने मागोमाग येऊन क्लिन्नोग त्याला कायमचे करमुक्त दिले. दान देणाऱ्याचा त्या जमिनीवर हक्क असला पाहिजे, हा मुद्दा येथे चमत्कारापेक्षाही ठसठशीतपणे मांडला आहे, आणि मठाच्या वारसांना नेमका तोच हवा असणार.

चमत्कारकथांत ग्वेनफ्रेवी (संत विनिफ्रेड) या कुमारिकेची कथा सर्वांत प्रसिद्ध आहे. कॅराडॉग नावाच्या सरदाराने तोडलेले तिचे शिर बेइनोने पुन्हा धडाला जोडले आणि रक्त सांडले तेथे झरा उसळला, असे मानतात. होलीवेल येथील या झऱ्याची यात्रा आजही चालते.

क्लिन्नोगचे सध्याचे चर्च मुख्यतः पंधराव्या शतकाच्या अखेरचे व सोळाव्याच्या आरंभीचे असून एनिस एन्ली (बार्डसी) या तीर्थक्षेत्र असलेल्या बेटाकडे जाणारे यात्रेकरू तेथे थांबत. सोळाव्या शतकातील प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेनंतरही बेइनोची भक्ती आटली नाही. कानावर जन्मतःच चीर असलेली वासरे व कोकरे ‘बेइनोची खूण’ असलेली समजून चर्चला अर्पण करीत आणि ट्रिनिटी या ख्रिस्ती सणाच्या रविवारी ती विकली जात. ही प्रथा अठराव्या शतकापर्यंत टिकली. आजारी माणसे जवळच्या विहिरीत स्नान करून संताच्या थडग्यावर रात्रभर झोपत. एकाच ओंडक्यातून कोरलेली ‘बेइनोची पेटी’ अद्याप चर्चमध्ये आहे.