गोरोबांचं थापटणं आणि पैठणचं शुद्धिपत्र

सलमान खानच्या घरी गणपती बसला, शाहरुख खानने गणेशोत्सवात हात जोडले, सारा अली खान उज्जैनला महाकालाच्या दर्शनाला गेली, की बीड-लातूरपासून नांदेडपर्यंत मोबाइलवर चाहत्यांचे दोन तट पडतात. एकाला नट आपला वाटू लागतो, दुसऱ्याला तो नाटकी वाटतो. त्याची श्रद्धा खरी आहे का आणि तो त्याप्रमाणे वागतो का, हे दोन प्रश्न त्यात हमखास येतात. मराठवाड्याला ही उलटतपासणी नवी नाही.

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरची कथा घराघरांत माहीत आहे. गोरोबाकाका म्हणजे संत गोरा कुंभार; त्यांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी थापटणं, म्हणजे मडकी थापायची लाकडी फळी, घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं. पांडुरंगाचा लाडका म्हणून नाव असलेला भक्त सर्वांदेखत नापास झाला. नामदेव रुसले, आणि पुढे औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. तिथे विसोबा पिंडीवर पाय ठेवून पहुडलेले! म्हणजे गुरूच्या वागण्यावर शिष्याला पहिला आक्षेप घ्यावासा वाटावा अशीच ही भेट. पाय उचलून ठेवावेत तिथे पिंडी दिसू लागली, तेव्हा नामदेवांना उमगलं, असं परंपरा सांगते. कथेतलं ऐतिहासिक किती ते बाजूला ठेवू. तेरला तपासलं गेलं ते माणसाचं आतलं पक्केपण, आणि तपासणारा त्याच वाटेवरचा होता.

पैठणची तपासणी वेगळी. आपेगावच्या विठ्ठलपंतांनी संन्यास सोडून पुन्हा संसार केला आणि त्याचा दोष मुलांच्या माथी आला. ज्ञानेश्वर आणि भावंडांना पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे शुद्धिपत्र, म्हणजे शुद्ध असल्याचा दाखला, मागावं लागलं. रेड्यामुखी वेद वदवल्याची आख्यायिका त्याच प्रसंगाची. इथे आचरण कुणी विचारलं नाही, विचारला तो जन्म. माझ्या मते आजच्या चाहत्यांच्या भांडणात या दोन्ही चौकश्यांची सरमिसळ असते. तोंडी भाषा तेरची, मागणी मात्र पैठणची.

त्याच पैठणात सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडं रचली. त्यांत ते वाघ्या होतात, जोशी होतात, महार होऊन बोलतात. ‘हिंदू-तुर्क संवादा’त दोघांची खडाजंगी लावून शेवटी दोघांना एकमेकांच्या गळ्यात घालतात. सोंग कुणाचं आणि सोंग घेणारा कोण, यावर प्रेक्षकांनी अडून बसायचं नाही, हा भारुडाचा जुना करार.

कीर्तनाने मात्र असा करार केला नाही. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. पुढे तिथे शिकलेले कीर्तनकार गावोगावच्या सप्ताहांना येऊ लागले. कीर्तनकाराच्या गळ्यात माळ हवी, मद्य-मांस वर्ज्य हवं, ही अपेक्षा उघड असते. ‘बोले तैसा चाले’ हा चरण लोक बुवांनाच लावून पाहतात. आता यूट्यूबमुळे कीर्तनकारांचेही चाहते झालेत, तारखा आधीपासून ठरतात, बिदागीची चर्चा पारावर होते. २०२० मध्ये निवृत्ती महाराज देशमुख, म्हणजे इंदुरीकर, यांच्या, सम तारखेच्या संगाने मुलगा आणि विषम तारखेच्या संगाने मुलगी होते, या विधानावरून वाद उठला. त्यांनी पत्र काढून दिलगिरी व्यक्त केली, आणि अनेक चाहते मात्र महाराजांवर अन्याय झाला म्हणून पुढे आले. परीक्षा घेणारेच अशा वेळी वकील होतात.

सिनेमात हे सगळं आणखी गुंतलं. ‘प्रभात’च्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले, आणि लोक पडद्याबाहेरही त्यांच्या पाया पडू लागले. १९४० मध्ये त्याच कंपनीच्या चित्रपटात ज्ञानेश्वर झाले शाहू मोडक, नगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातले. त्यांनी कृष्णाच्या भूमिकाही पुष्कळ केल्या. माउलींच्या रूपात ख्रिस्ती नट, आणि लोकांनी त्याला हात जोडले. प्रल्हाद शिंदेंचंही तसंच. आंबेडकरी घरातला हा गायक भीमगीतं गायचा आणि विठ्ठलाची गाणीही. एकच आवाज मराठवाड्यात बौद्ध वस्तीत वाजायचा आणि दिंडीतही. त्यांच्या गळ्याला शुद्धिपत्र मागावं असं फारसं कुणाला सुचलं नाही.

दूरदर्शनवर १९८७ साली ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा घरोघरी टीव्हीला हार घातले गेले. १९९१ मध्ये त्यातली सीता आणि रावण दोघंही लोकसभेत पोचली. रावणही निवडून येतो, यावर वेगळं लिहायला हवं.

नामवंतांच्या श्रद्धेचा सगळ्यात ठळक नमुना सचिन तेंडुलकर. तो सत्य साईबाबांचा भक्त. बाबा गेले २४ एप्रिल २०११ ला, त्याच्या वाढदिवशीच. स्वतःला शिर्डीच्या साईंचा अवतार म्हणवणाऱ्या त्या बाबांवर टीका करणाऱ्यांतही सचिनचे चाहते होते. मैदानावरचा देव दुसऱ्या कुणासमोर हात जोडतो, हे काहींना पचलं नाही.

आणि शिर्डीच्या साईंचा जन्म? परभणी जिल्ह्यातलं पाथरी तो आपल्याकडे सांगतं. जानेवारी २०२० मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंनी पाथरीच्या विकासाची घोषणा करताना तिचा जन्मस्थान म्हणून उल्लेख केला, आणि १९ तारखेला शिर्डी बंद राहिली. शिर्डीकरांचं म्हणणं एवढंच की बाबांनी आपला जन्म, जात, धर्म कधी सांगितला नाही, मग तो आपण का ठरवायचा? पाथरीकर आपला दावा सोडायला तयार नव्हते.