कॅनो पोलो : रेटा द्यायला जमीन नसलेला खेळ

जमिनीवर उभं राहून चेंडू फेकताना आपण पायाने जमीन मागे रेटत असतो, म्हणून हाताला जोर येतो. कॅनो पोलो म्हणजे पाण्यावर छोट्या होड्यांत बसून चेंडू गोलमध्ये टाकण्याचा खेळ. त्याच्या खेळाडूला ही सोय नाही. तो कयाक नावाच्या अरुंद होडीत बसलेला, कयाक पाण्यावर तरंगणारी, आणि पाणी रेटावं तर तेच सरकतं. या खेळातला प्रत्येक डावपेच शेवटी ‘आधार कुठून आणायचा’ या प्रश्नापाशी येतो.

मैदान म्हणजे ३५ मीटर लांब आणि २३ मीटर रुंद असं संथ पाणी. प्रत्येक संघाचे पाच खेळाडू पाण्यात असतात आणि १०-१० मिनिटांची दोन सत्रं होतात. गोल मात्र पाण्यावर नसतो. दीड मीटर रुंद, एक मीटर उंच अशी जाळीची चौकट असते आणि तिची खालची कड पाण्यापासून २ मीटर उंचीवर टांगलेली असते. चेंडू वॉटर पोलोचाच. खेळाच्या नावात कॅनो असली तरी खेळतात कयाकमध्ये, म्हणजे पाय पुढे सोडून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं. पहिली जागतिक स्पर्धा १९९४ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला झाली. २००५ पासून हा खेळ वर्ल्ड गेम्समध्ये, म्हणजे ऑलिंपिकमध्ये नसलेल्या खेळांच्या जागतिक स्पर्धेतही आहे.

सामना सुरू होताना दोन्ही संघ आपापल्या गोलरेषेवर थांबतात. शिट्टी वाजली की पंच चेंडू मध्यावर टाकतात आणि दोन्हीकडून एकेक खेळाडू सुसाट निघतो. कयाकची लांबी किती असावी, याचं उत्तर इथे दिसतं. चालती नाव पुढे स्वतःची लाट उभी करते. वेग वाढला की ही लाट लांबत जाते आणि नावेच्या लांबीएवढी झाली की नाव जणू स्वतःच्याच लाटेचा चढ चढू लागते. ३ मीटरच्या कयाकसाठी ही वेळ ताशी पावणेआठ किलोमीटरच्या आसपास येते. त्यापुढे जाता येतं, पण थोड्याशा वेगासाठी दमछाक फार होते. मग कयाक आणखी लांब का नको? कारण लांब नाव वळत नाही, आणि या खेळात सरळ जाण्यापेक्षा वळणं जास्त. म्हणून नियमाने लांबी २.१ ते ३ मीटर, रुंदी ५० ते ६० सेंटीमीटर. टोकं चपटी आणि कमी फुगीर असतात. मागे रेलून शेपटी पाण्याखाली दाबली की नाक वर उचललं जातं, पाण्यात टेकलेली लांबी घटते आणि वल्ह्याच्या एका फटक्यात कयाक गर्रकन फिरते. नवखे इथेच उलटतात, कारण शेपटी दाबताना त्यांचं वल्हं हवेत असतं.

आता फेक. ४५० ग्रॅमचा चेंडू सेकंदाला १५ मीटर वेगाने सोडला, तर खेळाडू आणि कयाक मिळून ९० किलोचं वजन सेकंदाला जेमतेम साडेसात सेंटीमीटर वेगाने मागे सरकतं. म्हणजे समोर फेकताना धोका नाही. उजवीकडे फेकताना मात्र तोच धक्का पाण्याच्या पातळीपासून बराच वर, खांद्या-हातापाशी बसतो आणि अरुंद कयाक डावीकडे कलंडते. यावर उपाय असा, की डाव्या हातातल्या वल्ह्याचं पातं डावीकडे पाण्यावर आडवं, पालथं टेकवायचं. पातं उभं राहिलं तर ते सुरीसारखं पाणी कापत खाली जातं आणि आधार शून्य. फेकीचा जोरही नुसत्या हातातून काढायचा नसतो. पाय पायटेकूवर रोवायचे, गुडघे कयाकच्या आतल्या बाजूंना दाबायचे आणि कमरेपासून धड फिरवायचं. बैठक सैल असेल तर ही साखळी तुटते, म्हणून कमरेच्या दोन्ही बाजूंना फोमच्या पट्ट्या लावून ती घट्ट करून घेणं हे पहिलं काम. हेल्मेट, वल्हं यांचा विचार त्यानंतर केला तरी चालतो.

चेंडू ५ सेकंदांहून जास्त ताब्यात ठेवता येत नाही. एवढ्या वेळात पास द्यायचा, नाहीतर निदान १ मीटर पुढे टाकून त्याच्यामागे वल्हवत जायचं. चेंडू लवकर सोडण्याचं आणखी एक कारण आहे. चेंडू ज्याच्याकडे, त्याला प्रतिस्पर्धी उघड्या तळहाताने दंडावर किंवा पाठीवर ढकलू शकतो, अगदी उलटवूही शकतो. कयाकने कयाकला धडक देणंही वैध आहे, पण काटकोनात, म्हणजे ८० ते १०० अंशांत, जोराची धडक मारली तर फाउल. असं का? ९० किलोचं वजन सेकंदाला २ मीटर वेगाने आलं, तर त्यात १८० ज्यूल ऊर्जा असते, आणि काटकोनात ती सगळी थेट कुशीत शिरते. ३० अंशांच्या कोनात आत रुतणारा वेग निम्मा उरतो, ऊर्जा चौथाई, आणि उरलेल्या ऊर्जेनिशी कयाक घसरून निघून जाते. तरी दोन्ही टोकांना मऊ बंपर, चेहऱ्यावर जाळीचं हेल्मेट आणि बरगड्या झाकणारं जाकीट सक्तीचं आहे. वल्ह्याच्या पात्याची कडही किमान ५ मिलिमीटर जाड लागते, कारण पातळ कड बोटं कापू शकते.

सर्वांत अवघड जागा गोलरक्षकाची, असं माझं ठाम मत आहे. तो चौकटीच्या खाली, तोंड मैदानाकडे करून बसतो आणि वल्हं दोन्ही हातांनी उभं धरून वरचं पातं गोलसमोर नाचवतो. वल्हं हवेत, म्हणजे पाण्याचा आधार गेला. जाग्यावर टिकायचं ते निव्वळ गुडघे आणि कमरेच्या जोरावर.

उलटल्यावर सरळ होण्याला ‘रोल’ म्हणतात. कयाक सोडून बाहेर आलेल्याला सामानासकट मैदानाबाहेर जावं लागतं, तोवर संघाचा एक माणूस कमी. रोलमध्ये आधी धड पृष्ठभागाकडे वाकवायचं, मग पात्याने आधार घेत कमरेच्या झटक्याने कयाक फिरवायची आणि डोकं सर्वांत शेवटी वर काढायचं. श्वासासाठी डोकं आधी उचललं की रोल हमखास फसतो. चार-पाच किलोचं डोकं पाण्यात असेपर्यंत पाणी ते पेलतं. वर येताच ते वजन कयाकला पुन्हा उलटीकडे ओढतं.

वल्हं हातातून सुटलं असेल तर? पुरुषांच्या सामन्यातला चेंडू सुमारे साडेपाच लिटरचा असतो. तो पूर्ण बुडवला तर पाणी त्याला जवळपास ५ किलो वजनाइतक्या बलाने वर ढकलतं. कमरेचा झटका नीट बसला असेल तर तेवढा आधार सरळ व्हायला पुरतो. सरावात हा रोल आधी दोन्ही हातांत चेंडू धरून करावा, मग एका हाताने.