कंडेन्सर गेला म्हणून अख्खा डिस्ट्रिब्युटर फेकू नका

जुन्या पद्मिनी-अँबेसेडरवाल्यांमध्ये एक समज फार पक्का बसलाय, की डिस्ट्रिब्युटरमधले (प्रत्येक प्लगला ठिणगीचा करंट वाटून देणारा भाग) पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे दोन धातूचे तुकडे, एकमेकांना टेकले की ठिणगी पडते. खरं बरोबर उलटं आहे. पॉइंट टेकलेले असतात तेव्हा प्लगमध्ये काहीच होत नसतं, ठिणगी पडते ती पॉइंट उघडतात त्या क्षणी. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं रिपेअरिंग आपोआप समजतं.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर गेला की धुळ्याजवळच्या लळिंग घाटात जुनी गाडी गचके देते, बंद पडते, थोडी थंड झाली की परत चालू होते. मग कोणीतरी सांगतं, "डिस्ट्रिब्युटर गेला भो, नवीन टाक." कोणी पुढे लिंबू-मिरची बांधतं, कोणी पेट्रोलच्या पाइपला मायलेजवाला मॅग्नेट लावून घेतं. दोन्हीचा ठिणगीशी काडीचा संबंध नाही, पैसे जातात फक्त. आधी प्लगला करंट येतोय का बघा, कारण उन्हात पेट्रोलची वाफ होऊनही गाडी अशीच बंद पडते.

आता आतलं बघू. पॉइंट टेकलेले असतात तेव्हा बॅटरीचा 12 व्होल्टचा करंट, साधारण 3-4 अँपिअर, कॉइलच्या (जाड आणि बारीक अशा दोन तारांचे वेढे असलेल्या डब्याच्या) जाड तारेतून वाहतो आणि तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. शाफ्टवरचा उंचवट्याचा कॅम फिरतो, पॉइंट उघडतात, करंट तुटतो, क्षेत्र कोसळतं. फॅरेडेनं 1831 मध्ये दाखवलं तेच इथं होतं, क्षेत्र जितक्या झपाट्यानं बदलेल तितका व्होल्टेज जास्त. केळीच्या बागेत मोटर चालू असताना वॉल एकदम बंद केला की पाइपलाइनला जो दणका बसतो ना, तसाच हा विजेचा दणका. जाड तारेतच दोन-तीनशे व्होल्ट उठतात आणि बारीक तारेचे वेढे शंभरेक पट असल्यामुळे तिकडे वीस हजाराच्या पुढे जातात. शाफ्टवर फिरणारा रोटर तो करंट डिस्ट्रिब्युटरच्या झाकणातून, म्हणजे कॅपमधून, 1-3-4-2 अशा क्रमानं प्लगना वाटतो.

पण अडचण अशी की वाहता करंट सुखासुखी तुटत नाही. पॉइंट उघडायला लागतात तेव्हा त्यांच्यातली फट केसाएवढीही नसते, करंट तिच्यावरून ठिणगी मारून वाहतच राहतो, क्षेत्र हळूहळू मरतं, आणि प्लगपर्यंत जायची सगळी ताकद पॉइंटवरच जळून जाते. म्हणून तिथं कंडेन्सर, म्हणजे क्षणभर वीज साठवून घेणारा छोटा डबा, असतो, साधारण 0.2 मायक्रोफॅरडचा. पहिल्या काही मायक्रोसेकंदांत करंट पॉइंटवरून उडी मारण्याऐवजी त्याच्यात शिरतो, तोवर पॉइंट पुरेसे लांब जातात, आणि क्षेत्र सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास कोसळतं. 3000 आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात हे सेकंदाला 100 वेळा होतं! चार्ल्स केटरिंगनं 1910 च्या सुमारास कॅडिलॅकसाठी ही बॅटरी-कॉइलची पद्धत बसवली, आणि पुढे कितीतरी दशकं साध्या गाड्या त्यावरच पळाल्या, मला तर आजही हे बघून भारी वाटतं.

तापला की कंडेन्सरचं आतलं इन्सुलेशन ढिलं पडतं. अंधारात कॅप काढून सेल्फ मारा, पॉइंटवर जाड निळी ठिणगी दिसली आणि पॉइंट जळून काळे पडलेले असले तर पहिला संशय कंडेन्सरवर घ्या. कॅपला बारीक चीर आहे का, मधला कार्बन झिजलाय का, तेही बघा.

कंडेन्सर ठीक असेल तर रोटरचा शाफ्ट धरून आडवा हलवा. खेळ जाणवला तर बुश, म्हणजे शाफ्ट ज्या नळीत फिरतो ती, गेलाय. पॉइंटची फट असते साधारण 0.4 मिमी, शाफ्ट हलला की ती प्रत्येक सिलिंडरला वेगळी होते, आणि डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरत असल्यामुळे इथं 1 अंश चुकला की क्रँकवर 2 अंश चुकतात. नवीन पॉइंट टाकून काही होत नाही, चांगल्या खराद्याकडून बुश बसवून घ्या. खालची वजनं आणि स्प्रिंगही धुवून तेल द्या, कारण वेग वाढला की ठिणगी लवकर पाडायचं काम तीच करतात.

इलेक्ट्रॉनिक किट बसवायला माझी ना नाही. ट्रान्झिस्टर करंट इतक्या पटकन तोडतो की पॉइंट आणि त्यांचा कंडेन्सर दोन्ही लागत नाहीत. पण बहुतेक किट जुन्याच शाफ्टवर बसतं, वजनं-स्प्रिंगही तीच राहतात, म्हणून बुशचं काम आधी करा. आणि किटला किती ओहमची कॉइल चालते ते विचारून घ्या, कमी ओहमच्या कॉइलमधून करंट जास्त ओढला जातो आणि किट जळतं.