पार्श्वभूमी: थरथरती सही, कॅमेरा आणि इंदूर

इंदुरातल्या मराठी घरांत पार्किन्सन्सला अजूनही ‘कंपवात’च म्हणतात. या नावामुळे ज्याचा हात थरथरत नाही, नुसता खांदा आखडतो, तो रुग्ण कितीतरी दिवस हाडांच्या डॉक्टरकडे खेपा घालत राहतो. लक्षणे, डोपामिन (हालचालींसाठी मेंदूला लागणारे रसायन), गोळ्यांच्या वेळा हे सगळे घरात रुग्ण असलेल्यांना तोंडपाठ असते, ते इथे उगाळत नाही. प्रश्न वेगळा आहे. अशा माणसावर संशोधन करायचे तर त्याचा होकार घ्यायचा कसा, आणि त्या होकाराचे नियम आज आहेत तसे का झाले? या गोष्टीचा बराचसा भाग इंदुरात घडलेला आहे.

जुना इतिहास थोडक्यात. १८१७ मध्ये लंडनच्या ज्या डॉक्टरने हा आजार लिहून ठेवला, त्याच्या सहा रुग्णांपैकी तिघे रस्त्यात दिसलेले होते, आणि त्यातल्या एकाला तर त्याने दुरूनच पाहिले होते. संमती हा शब्दच तेव्हा कोणाच्या मनात नव्हता. खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा (मेंदूत ज्याचे डोपामिन होते ते द्रव्य) असते हे भारतीय संशोधकांनी १९३७ मध्ये दाखवले, पण ते या आजारावर चालते हे कळायला साठचे दशक उजाडले. मोठ्या मात्रेत तोंडावाटे देण्याचा प्रयोग यशस्वी झाला तो १९६७ मध्ये.

त्यापुढच्या काळातला कळीचा मुद्दा प्लासिबोचा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीचा किंवा उपचाराचा. या आजारात नुसत्या आशेनेही माणूस बरा चालू लागतो, आणि तो ढोंग करत नसतो. औषध मिळाले या समजुतीनेच मेंदूत डोपामिन स्रवते, हे २००१ मध्ये स्कॅनवर दिसले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. चाळीस रुग्णांपैकी निम्म्यांच्या मेंदूत गर्भपेशींचे रोपण केले होते, उरलेल्यांच्या कवटीला फक्त भोके पाडली होती. साठीच्या आतल्यांना थोडा फायदा दिसला, साठीपुढच्यांना नाही. लेव्होडोपाची प्लासिबोशी नीट तुलना व्हायला तर २००४ उजाडले. ३६१ रुग्ण, ४० आठवडे. थोडक्यात, प्लासिबोला बगल दिली तर या आजारातले उत्तर भरवशाचे मिळत नाही. हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

२०१० च्या सुमारास इंदुरातल्या औषध-चाचण्यांबद्दल आरोप सुरू झाले. रुग्णांना पुरते न सांगता सामील करून घेतले, कागद इंग्रजीत होते, पैसा परस्पर डॉक्टरांकडे गेला, असे ते आरोप. राज्याच्या विधानसभेत प्रश्न आले, चौकशा झाल्या, काही डॉक्टरांना दंडही झाला. तो इतका किरकोळ होता की लोक हसले. २०१२ मध्ये प्रकरण जनहित याचिकेच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयात पोचले. सरकारने तिथे दिलेल्या माहितीनुसार २००५ ते २०१२ या काळात नव्या औषधांच्या चाचण्यांदरम्यान २,६४४ जण दगावले, आणि त्यातले ८० मृत्यू चाचणीमुळे झाले असे मानले गेले. दोन्ही आकडे आजही आपापल्या बाजूने फेकले जातात. मोठा आकडा फेकणारे हे सांगत नाहीत की मरणपंथाला लागलेले कितीतरी रुग्ण चाचण्यांत होतेच. छोटा आकडा फेकणारे हे सांगत नाहीत की मृत्यूचे कारण ठरवणाऱ्यांत चाचणी करणारेही होते.

जानेवारी २०१३ मध्ये भरपाईचे नियम आले. घाईत आले, हे माझे मत. औषधाने अपेक्षित गुण दिला नाही तर भरपाई, प्लासिबोमुळे इजा झाली तर भरपाई, असे त्यात लिहिले होते. गुण येतो की नाही हे पाहण्यासाठीच तर चाचणी असते! डिसेंबर २०१४ मध्ये दुरुस्ती झाली आणि नेहमीचे उपचार उपलब्ध असूनही दिले नाहीत तरच प्लासिबोचे कलम लागेल, असे ठरले. मधल्या काळात परवानग्या भराभर घटल्या.

खरा गुंता मात्र कॅमेऱ्याचा. न्यायालयाच्या आदेशानंतर नोव्हेंबर २०१३ पासून प्रत्येक सहभागीच्या संमतीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण सक्तीचे झाले. माहिती कशी दिली आणि समोरच्याला ती समजली का, दोन्ही त्यात दिसले पाहिजे. जुलै २०१५ मध्ये ही सक्ती नव्या औषधी रेणूंच्या चाचण्यांतल्या ‘व्हल्नरेबल’ सहभागींपुरतीच उरली. या शब्दाला मराठीत कोणी असुरक्षित म्हणतात, कोणी दुर्बल, कोणी चक्क संवेदनशील, आणि तिन्हींचे अर्थ तीन दिशांना जातात. असुरक्षित म्हटले की धोका बाहेर आहे असे वाटते, दुर्बल म्हटले की उणीव माणसातच आहे असे. १९९६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतल्या यादीत असाध्य रोगाचे रुग्ण, वृद्धाश्रमासारख्या ठिकाणी राहणारे, बेरोजगार, निर्धन, निर्वासित, अल्पवयीन असे सगळे एका ओळीत बसवले आहेत, आणि आपल्याकडची व्याख्याही त्याच वळणाची. नुसते म्हातारपण त्यात नाही. पण पार्किन्सन्स असाध्य आहे की नाही? बरा होत नाही, म्हणजे असाध्य. आणि गोळ्यांवर दहा-पंधरा वर्षे नातवंडे खेळवणाऱ्या माणसाला असाध्य म्हणायचे, तर मधुमेह्याला काय म्हणायचे? या एका शब्दाचा अर्थ एथिक्स कमिटी (चाचणी नीतीला धरून आहे का हे तपासणारी समिती) कसा लावते, त्यावर कॅमेरा लागणार की नाही हे ठरते.

आणि कॅमेऱ्यासमोर बसतो कोण? ज्याचा आवाज खोल गेलेला, चेहरा मुखवट्यासारखा स्थिर, उत्तर मनात तयार पण ओठांवर यायला वेळ लागतो, असा माणूस. गोळीचा असर उतरलेला असताना त्याचे चित्रीकरण केले, तर पाहणाऱ्याला वाटेल की याला काही समजलेलेच नाही. असर चढलेला असताना केले, तर हाच माणूस उलट चार प्रश्न विचारेल. माझे एक काका बँकेत चाळीस वर्षे इतरांच्या सह्या पडताळत होते. शेवटी त्यांचीच सही आखडत आखडत मुंगीएवढी झाली आणि पेन्शनच्या वेळी खिडकीतून परत आली. डोके शाबूत होते, खिडकीतल्या मुलाला हिशेबातली चूक त्यांनीच दाखवली. संमतीचे सगळे पुरावे आपण हात, आवाज आणि चेहरा यांतच शोधतो, आणि हा आजार नेमके तेच तीन हिरावतो. कॅमेरा नको, असे मी म्हणत नाही. इंदुरात जे झाले त्यानंतर तो यायलाच हवा होता. चित्रीकरण कोणत्या वेळी आणि कोणत्या भाषेत, एवढे तरी लिहून ठेवावे. हिंदी येणाऱ्या मराठी आजीला हिंदी संमतिपत्र ‘समजते’, पण आजी ‘हो जी’ म्हणते ते पुष्कळदा समोरच्या डॉक्टरचा मान राखायला.

भरपाईचे सूत्रही पाहण्यासारखे आहे, आणि २०१९ च्या नव्या नियमांतही ते कायम आहे. मृत्यू झाल्यास आठ लाखांची आधाररक्कम, तिला वयाच्या गुणकाने आणि जोखमीच्या गुणकाने गुणायचे, मग ९९.३७ ने भागायचे. हा विचित्र आकडा आला कुठून? कामगार भरपाईच्या जुन्या तक्त्यात ६५ वर्षांवरच्या माणसाचा गुणक ९९.३७ आहे, सोळा वर्षांच्या मुलाचा २२८.५४. म्हणजे पासष्टी ओलांडलेला माणूस एक, आणि सोळा वर्षांचा मुलगा सुमारे दोन पूर्णांक तीन. तक्ता बनला तो गिरणीत हात गमावलेल्या मजुराची बुडालेली कमाई मोजायला. निवृत्त माणसाची कमाई बुडत नाही, हे गणित बरोबरच. पण पार्किन्सन्सच्या चाचणीत बसणारे बरेच जण याच रांगेतले, आणि या रांगेत सगळ्यांत कमी रक्कम.

अलीकडे संशोधनाचा ओघ औषधांबरोबर हालचालींकडेही वळला आहे. २०१२ मध्ये १९५ रुग्णांच्या चाचणीत ताई-चीमुळे तोल सुधारला, आणि नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा हे रुग्ण कमी वेळा पडले. २०१८ मध्ये १२८ रुग्णांच्या चाचणीत जोराने ट्रेडमिल चालणे त्यांना झेपते, हे दिसले. उंबरठ्याशी पाय खिळतो तिथे जमिनीवर आडव्या पट्ट्या ओढल्या की पाऊल सुटते, ही युक्ती त्याहून जुनी, आणि ती करायला रंगाचा डबा पुरतो. या चाचण्यांत नवे औषध नसते. म्हणून वरचे सूत्र, तो तक्ता, तो कॅमेरा यांतले काहीच त्यांना आपोआप लागू होत नाही. जैववैद्यकीय संशोधनाची सर्वसाधारण मार्गदर्शक तत्त्वे आणि एथिक्स कमिटीचा निर्णय एवढेच हाती उरते. गोळीने होणाऱ्या मृत्यूची किंमत दोन दशांशस्थळांपर्यंत ठरलेली आहे. चाचणीत चालताना पडून खुब्याचे हाड मोडले, तर किती द्यायचे ते त्या-त्या कमिटीने बसून ठरवायचे.