काचबिंदू: आधी थेंब की आधी लेझर?

काचबिंदूचं निदान झालं की थेंबांची बाटली हातात यायची आणि ती जन्मभर सुटायची नाही. लेझर म्हणजे थेंब थकल्यावरचा उपाय, शस्त्रक्रिया त्याच्याही नंतर. हा क्रम आता उलटू लागला आहे. त्यामागे आहे ब्रिटनमधली ‘लाइट’ ही चाचणी. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष आले. ७१८ रुग्णांपैकी निम्म्यांना सुरुवातीलाच एसएलटी हे लेझर दिलं, निम्म्यांना थेंब. तीन वर्षांनी लेझर गटातले ७४ टक्के रुग्ण एकाही थेंबाविना डोळ्याच्या ठरवलेल्या दाबात होते. सहा वर्षांनीही सुमारे ७० टक्के डोळ्यांना थेंब किंवा शस्त्रक्रिया लागली नव्हती. डोळ्यातल्या पाण्याच्या निचऱ्याची शस्त्रक्रिया थेंबांच्या गटात ३२ डोळ्यांवर करावी लागली, लेझर गटात १३. तीन वर्षांच्या निष्कर्षांनंतरच, २०२२ मध्ये, उपचारांच्या शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने हे लेझर पहिल्या पायरीवर आणलं.

डोळ्यात दर मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर पाणी तयार होतं आणि बुबुळ व कॉर्निया जिथे मिळतात त्या कोनातल्या जाळीतून ते बाहेर पडतं. जाळी तुंबली की दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारे चेतातंतू मरू लागतात. जुनं आर्गॉन लेझर या जाळीला भाजायचं. व्रण राहायचे, म्हणून ते पुन्हापुन्हा देता येत नसे. एसएलटीचा हिरवा झोत फक्त ३ नॅनोसेकंद टिकतो. रंगद्रव्य असलेल्या पेशी तो शोषून घेतात, पण उष्णता शेजारी पसरायला वेळच मिळत नाही. मग शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी तिथे येतात आणि निचरा सुधारतो.

प्रत्यक्षात बधिर करणारा थेंब टाकून डोळ्यावर आरशाचं भिंग ठेवतात आणि पूर्ण वर्तुळावर साधारण १०० ठिपके देतात. ऊर्जा हळूहळू वाढवत नेतात. जाळीवर बारीक बुडबुडे दिसू लागले की ती वाढवणं थांबवतात. काम पाच-दहा मिनिटांचं. पहिल्या काही तासांत दाब उसळू शकतो, म्हणून तासाभराने तो मोजल्याशिवाय रुग्णाला सोडू नये. जाळीत रंगद्रव्य फार असेल तर ही उसळी मोठी असते, तिथे ऊर्जा कमी ठेवावी लागते. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. आठवड्याभरात ‘उपयोग झाला नाही’ म्हणणं घाईचं. काही वर्षांनी असर ओसरतो, तेव्हा लेझर पुन्हा देता येतं.

हे सगळं उघड्या कोनाच्या काचबिंदूला लागू आहे. आपल्याकडे गाडी अडते ती नेमकी इथेच. कोन उघडा की अरुंद हे ना दाबाच्या आकड्यावरून कळतं, ना ओसीटीच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या थरांची जाडी मोजणाऱ्या स्कॅनच्या, रंगीत कागदावरून. त्यासाठी गोनिओस्कोपी, म्हणजे आरशाच्या भिंगातून कोन प्रत्यक्ष पाहण्याची तपासणी, करावी लागते. खोली अंधारी हवी, दिव्याची फट छोटी हवी आणि उजेड बाहुलीत जायला नको. नाहीतर बाहुली आकसते, कोन ताणला जातो आणि अरुंद कोनही उघडा भासतो. गर्दीच्या ओपीडीत ही पाच मिनिटांची तपासणी सर्वात आधी गाळली जाते, आणि मग चुकीच्या डोळ्याला चुकीचा उपाय मिळतो.

अरुंद कोनासाठीचं लेझर वेगळं. त्यात बुबुळाला बारीक छिद्र पाडतात. ‘माझं लेझर झालंय’ एवढंच रुग्ण सांगतो, म्हणून कोणतं लेझर ते कागदावर लिहून घ्यावं. या छिद्राबद्दलही मत बदललं आहे. चीनमधल्या ग्वांगझू इथे ८८९ जणांच्या एकाच डोळ्याला छिद्र पाडून दुसरा तसाच ठेवला. कोन अरुंद, पण आजार नाही, अशी ही माणसं. सहा वर्षांत दर हजार डोळ्यांमागे वर्षाला त्रास झाला तो न पाडलेल्यांत सुमारे आठांना, पाडलेल्यांत चारांना. धोका निम्मा झाला खरा, पण मुळातच तो इतका कमी होता की सरसकट सगळ्यांना छिद्र पाडू नये, असा निष्कर्ष निघाला. आजार जडलेला असेल तर गोष्ट वेगळी. २०१६ च्या ‘ईगल’ चाचणीत पन्नाशीपुढच्या अशा रुग्णांना मोतीबिंदू नसतानाही नैसर्गिक भिंग काढून कृत्रिम बसवणं छिद्रापेक्षा सरस ठरलं. जाड झालेलं भिंगच कोन अडवतं, ते काढलं की जागा होते.

दाबाचा आकडाही जपूनच वाचावा. मोजणारं यंत्र कॉर्नियाची जाडी सुमारे ५२० मायक्रॉन धरून चालतं. नागपूरजवळच्या खेड्यांत झालेल्या मोठ्या पाहणीत ही सरासरी ५१४ निघाली, पण माणसामाणसांत फरक बराच असतो. पातळ कॉर्नियावर दाब खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. चष्मा घालवण्याचं लेझर केलेल्यांनी तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. ओसीटीचं दुखणं निराळं: मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यांत निरोगी थरही लाल रंगात येतो. त्या एका कागदावर जन्मभराचे थेंब सुरू करू नयेत. दृष्टिक्षेत्राची तपासणी दोन-तीनदा करून ताळा पाहावा, कारण पहिली तपासणी बहुधा सरावातच जाते.

दाबापलीकडे, चेतातंतूंनाच टिकवण्याचे प्रयत्नही चालू आहेत. २०१७ मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकात आलेल्या प्रयोगात निकोटिनमाइडने, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाच्या एका रूपाने, उंदरांमधला काचबिंदू रोखला होता. माणसांवरच्या चाचण्यांत दिवसाला दीड ते तीन ग्रॅम दिलं जातं. आहारातून मिळतं ते मिलिग्रॅममध्ये. एवढ्या मात्रेत यकृतावर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून दुकानातून आणून स्वतःच सुरू करण्याची ही गोळी नाही. आणि नायसिन हे त्याच जीवनसत्त्वाचं दुसरं रूप. ते घेतलं तर चेहरा लालबुंद होऊन आग आग होते, आणि वर सांगितलेल्या चाचण्या त्याच्या नाहीत.