बाह्यत्वचा

मानवी त्वचेचा सर्वांत वरचा, रक्तवाहिन्या नसलेला थर. खालच्या अंतस्त्वचेतून झिरपणाऱ्या द्रवावर त्याचे पोषण होते. पापणीवर तो सुमारे ०.०५ मिमी., तर तळहात-तळपायावर १.५ मिमी.पर्यंत जाड असतो. ओरखडा उठूनही रक्त आले नाही, तर इजा बहुधा या थरापुरतीच राहिलेली असते. शरीरातले पाणी आत राखणे आणि जंतू, रसायने व अतिनील किरण यांना अडवणे ही त्याची मुख्य कामे.

तळाच्या ओळीतील पेशी सतत विभागतात आणि नव्या पेशी जुन्यांना वर सरकवतात. वर जाताना त्या केराटिन या चिवट प्रथिनाने भरत जातात, चपट्या होतात आणि केंद्रक गमावून मरतात. अशा मृत पेशींचे पदर म्हणजे शृंगस्तर. तळापासून कोंड्यासारखे गळून पडेपर्यंतचा हा प्रवास सुमारे ४ ते ६ आठवड्यांचा. बहुतेक अंगावर शृंगस्तर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाड असतो, पण रक्षणाचा बराचसा भार तोच वाहतो. १९५० च्या दशकात चिकटपट्टीने त्याचे एकेक पदर उचलून पाहिले गेले, तेव्हा अखेरचे पदर निघताच त्वचेतून पाणी झपाट्याने उडू लागले. बाह्यत्वचेतील पेशींचे सारे आयुष्य नीट मरण्याच्या तयारीत जाते, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

शृंगस्तराची रचना विटा आणि चुन्याच्या भिंतीसारखी मानतात. मृत पेशी या विटा. सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले या मेदांचे मिश्रण हा चुना. पाण्याला खरा अडसर या चुन्याचा. धुण्या-भांड्यांच्या कामाने हात रखरखीत होतात ते साबण हा मेद धुऊन नेतो म्हणून. शिवाय निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो (पीएच साधारण ४.५ ते ५.५) आणि साबण अल्कधर्मी. फिलॅग्रिन या प्रथिनापासून बनणारी द्रव्ये शृंगस्तरात ओलावा धरून ठेवतात. त्याच्या जनुकातील दोषांचा लहानपणापासूनच्या इसबाशी असलेला संबंध २००६ मध्ये उघड झाला.

ही तटबंदी अभेद्य मात्र नाही. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूंच्या वस्तुमानाचे एकक) मोठे रेणू सहसा आत शिरत नाहीत. लहान आणि तेलात विरघळणारे शिरतात. निकोटिनची पट्टी यावरच चालते, आणि बिब्बा उततो तोही यामुळेच. बिब्ब्याच्या तेलातले रेणू या मर्यादेच्या आतले आणि मेदात विरघळणारे असल्याने चुन्यातून सहज वाट काढतात. पुढे बाह्यत्वचेतल्या पहारेकरी, म्हणजे लांगरहान्स पेशी, ही घुसखोरी टिपून लसीका गाठींपर्यंत (शरीराच्या संरक्षक पेशींच्या ठाण्यांपर्यंत) वर्दी नेतात. पाउल लांगरहान्स यांनी १८६८ मध्ये बर्लिनला विद्यार्थी असताना या पेशींचे वर्णन केले, पण त्यांना त्या मज्जासंस्थेच्या वाटल्या. शरीराला बिब्ब्याची एकदा अशी ओळख पटल्यावर त्या माणसाला तो पुन्हा लागला, की एक-दोन दिवसांत खाज, सूज आणि फोड येतात. म्हणजे निम्मा त्रास बिब्ब्याचा नव्हे, पहारेकऱ्यांचा. काजू आणि आंबा याच वनस्पतिकुळातले. कोकण-गोव्यात काजू सोलताना हाताला तेल किंवा राख लावतात, आणि आंबा खाण्याआधी देठाचा चीक काढतात, त्यामागचे कारण हेच.

उन्हापासून बचाव मेलॅनिन करते. तळाच्या ओळीतील रंगपेशी ते बनवून शेजारच्या पेशींना पुरवतात आणि त्या ते आपल्या केंद्रकावर टोपीसारखे धरतात. गोऱ्या-काळ्या माणसांत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक रंगद्रव्याच्या प्रमाणात आणि प्रकारात. काही टिकल्यांच्या डिंकातील पॅरा-टर्शरी ब्युटिल फिनॉल या रंगपेशींना मारते, म्हणून काही स्त्रियांच्या कपाळावर नेमका टिकलीच्या जागी पांढरा डाग पडतो.

घर्षण वाढले की शृंगस्तर जाड होतो. कुदळ चालवणाऱ्याच्या तळहाताचे घट्टे हे त्याचे उत्तर. उलट भातलावणीत दिवसभर चिखलात राहिलेल्या पायांच्या बेचक्यांत तो भिजून फुगतो, सुटतो आणि चिखल्या होतात. गजकर्णाची बुरशी तर केराटिनवरच जगते. तिच्यावर मनाने स्टेरॉइडयुक्त मलम चोळत राहिल्यास बाह्यत्वचा पातळ होते आणि बुरशीचे फावते.

मोठ्या भाजण्यात हा थर नाहीसा होतो, तेव्हा जखमेतून पाणी गळू लागते आणि जंतूंना वाट मोकळी होते. अशा वेळी मृत्यूनंतर दान केलेली त्वचा तात्पुरते आवरण म्हणून लावतात. मुंबईच्या सायन रुग्णालयात आणि ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये यासाठी त्वचापेढ्या आहेत. मृत्यूनंतर सुमारे ६ तासांत दात्याच्या मांड्या, पाठ अशा भागांवरून त्वचेचा फक्त वरचा पातळ थर काढतात. ग्लिसरॉलमध्ये साठवलेल्या या त्वचेतील पेशी जिवंत नसतात, तरीही ती गळती रोखते. काही आठवड्यांत शरीर ती टाकून देते. तोवर खालची जखम भरत येते किंवा रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेचे कलम लावण्याजोगी होते.